गट्टी आणि बाळिकी : जुन्या कुट्टी यंत्राच्या दुरुस्तीच्या नोंदी

५ एप्रिल, शनिवार. येळ्ळूर (बेळगावजवळचं गाव)

तात्यांच्या विजेवरच्या कुट्टी मशीनची (चारा कापायच्या यंत्राची) मोटर परत जळली, ही दुसरी वेळ. पावसाळ्यात आमच्याकडं वीज जाते, आली तर कमी दाबानं येते. दोन म्हशी आणि एक रेडकू काही विजेची वाट बघत थांबत नाहीत. काकूंनी गेला श्रावण कोयत्यानं पिंजर (भाताचं काड) तोडून काढला. आज सकाळी तात्यांचा फोन : "ते आज्जाचं हातमशीन चालू होतंय काय, येऊन बघ की."

मशीन गोठ्यामागच्या पडवीत, शेणींच्या ढिगामागं होतं. ओंकारला (तात्यांचा नातू, मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष) हाताशी घेऊन बाहेर ओढलं. सापडलं ते असं :

बिडाचं (ओतीव लोखंडाचं) मोठं चाक, तीन फुटांहून थोडं जास्त, वाकड्या आऱ्यांचं. एका आऱ्याला भेग. पाती दोन, गंजून चाळण. चारा आत ओढणारे दातेरी रोलर ठीक. रोलर फिरवणाऱ्या गियरचे चार दात गेलेले. मुख्य शाफ्ट बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या धातूच्या नळीत) इतका ढिला की चाक हातानं वरखाली हलतं. चौकटीवर कारखान्याचं नाव ओतलेलं होतं, पण गंजानं अक्षरं खाल्लीत.

खालच्या शहाबादी फरशीवर परातीएवढा काळा तेलकट डाग आहे. म्हणजे तेल भरपूर घातलं जात होतं, कुणी हयगय केलेली नाही. मग बुश इतका गेला कसा, ते खोलल्यावर कळेल.

६ एप्रिल, रविवार

सगळा दिवस नट सोडवण्यात गेला. आदल्या रात्री रॉकेल आणि इंजिन ऑइल मिसळून सोडलं होतं. अकरापैकी आठ नट सुटले, दोन तापवून सुटले, एक मोडला.

ओंकारनं खिशातला एम-१२ बोल्ट काढून लावायला घेतला. दोन आटे गेला आणि अडकला. तो जोर लावणार तेवढ्यात हात धरला. हे आटे व्हिटवर्थचे, अर्ध्या इंचाला इंचात १२ आटे आणि आट्याचा कोन ५५ अंश. मेट्रिकचा कोन ६० अंश. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली हे माप मांडलं, त्याआधी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे, म्हणजे बोल्ट हरवला की यंत्रच भंगारात. आजही शहरात दोन दुकानं माहीत आहेत जिथं व्हिटवर्थचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मिळतो. इंग्रज गेले, इंच गेले, तरी या मशीनचा नट मिळतो.

ओंकार म्हणाला, "एवढं जुनं माप लक्षात ठेवायचं कुणी?" त्याला १२ आट्यांची गेज (आटे जुळवून बघायची पट्टी) हातात दिली. लक्षात ठेवायचं काम तीच करते.

१२ एप्रिल, शनिवार

शाफ्ट बाहेर काढला. मूळ व्यास सव्वा इंच, म्हणजे ३१.७५ मिमी. चाकाच्या बाजूला जिथं बुशमध्ये फिरतो तिथं मायक्रोमीटर २९.६ दाखवतो. दोन मिलिमीटरच्या वर झिजला, आणि गोल न झिजता एका अंगानं. कडेला खरवडल्यासारख्या रेघा.

गंमत अशी की बुश जवळजवळ नवा आहे.

उलटं व्हायला हवं होतं. बुश हा झिजण्यासाठीच असतो. शाफ्ट पोलादी, बुश गनमेटलचा : तांबं, कथील, थोडं जस्त. मऊ. दोघं एकमेकांवर घासले की मऊ झिजतं, कठीण वाचतं. बुश मूठभर धातूचा, ठोकून काढला, नवा ठोकून बसवला, अर्ध्या दिवसाचं काम. शाफ्ट बदलायचा म्हणजे चाक, चाव्या (चाक शाफ्टला पक्कं धरणारे तुकडे), गियर सगळं उतरवायचं. म्हणून जुन्या लोकांनी ठरवूनच मऊ भाग स्वस्त आणि सुटा ठेवला.

इथं बुश पोलादाचा आहे, आणि कडक केलेला. फाईल त्यावरून घसरते. कुणीतरी "परत परत बुश बदलायला नको" म्हणून हा घातला असणार. बुश शाबूत राहिला, शाफ्ट गेला. ओंकारला सांगितलं, असल्या शहाण्यांच्या हातून यंत्रं जातात. तो हसला. मी पण हसलो.

१२ एप्रिल, रात्री

बुश घरी आणून ब्रशनं साफ केला. कडेवर पंचनं मारलेली दोन अक्षरं आणि ९७.

अक्षरं माझी आहेत.

आयटीआयचं शेवटचं वर्ष. टर्नर ट्रेड, म्हणजे लेथवरचं काम. आज्जानं बुश बदलून आणायला सांगितला होता, मी म्हणालो होतो की असा करून देतो की परत बघायला नको. वर्कशॉपमध्ये तासला, लाल करून तेलात बुडवला, कडक झाला म्हणून निदेशकांना फाईल मारून दाखवली. नावाची अक्षरं पंच केली. मला तो बुश आठवतोय, पण आज सकाळपर्यंत त्याचं पुढं काय झालं हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

अजून एक. बुशला तेलाचं भोक आहे, नीट पाडलेलं. पण आज खोलताना ते वर नव्हतं, बाजूला होतं. ठोकून बसवताना फिरला असणार. वरच्या तेलाच्या वाटीतलं भोक बुशच्या बंद अंगावर येत होतं.

ओंकारला अजून सांगितलेलं नाही.

१९ एप्रिल, शनिवार. उद्यमबाग (बेळगावची औद्योगिक वसाहत)

अर्धा दिवस कामावरून सुटल्यावर मोल्डर अण्णांच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतशाळेत, गेलो. दोन कामं : गियर ओतून मिळेल का, आणि चाकाच्या भेगेचं काय.

अण्णा बैलहोंगलकडचे. गेली तीस वर्षं बेळगावच्या शहापुरात राहतात. आमच्याशी मराठीत बोलतात, रागावले की कानडीत. कडक बुश त्यांच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं, कुणाचा ते सोडून. त्यांनी तो ऐरणीवर आपटला. टणकन आवाज आला.

"गट्टी ऐती," ते म्हणाले. "आद्र बाळिकी बरंगिल्ल."

गट्टी म्हणजे कडक, भक्कम. बाळिकी म्हणजे टिकणं, पण तो शब्द येतो 'बाळू'वरून, म्हणजे जगणं, आयुष्य. भक्कम आहे, पण नांदणार नाही, असं काहीतरी. आपल्याकडंही दणकट आणि टिकाऊ असे दोन शब्द आहेत, पण बाजारात दोन्ही एकाच अर्थानं खपतात. दुकानदार पत्रा वाजवून दाखवतो आणि आपण टिकाऊ समजून पैसे देतो. मी पंचवीसेक वर्षं मशीनशॉपमध्ये काढली, आणि हा फरक एका वाक्यात सांगायला मला दुसरी भाषा लागली.

गियरबद्दल : जुनाच गियर नमुना म्हणून वाळूत दाबता येईल काय, असं विचारलं. अण्णांनी नुसतं बघितलं. मला माहीत असायला हवं होतं. बीड थंड होताना शंभराला एक या हिशेबानं आकसतं. १८० मिमीच्या गियरवरून घेतलेली नक्कल पावणेदोन मिलिमीटरनं लहान निघेल, दात जोडीदाराशी जुळणार नाहीत. त्या नकलेची नक्कल अजून लहान. लाकडी पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) नव्यानं करून घ्यायला हवा, आकसण्याचं माप धरून.

२० एप्रिल, रविवार. येळ्ळूर

चाकाची तपासणी. दोरानं टांगून लाकडी हातोडीनं टिचकी मारली. अखंड बीड घंटेसारखं वाजतं. हे खरखरलं, फुटक्या मडक्यासारखं. मग भेग कुठवर गेली ते बघायला रॉकेल लावलं, दहा मिनिटांनी कोरडं पुसलं, वर खडूची पूड चोळली. भेगेत मुरलेलं रॉकेल पांढऱ्या पुडीवर रेघ काढतं. आऱ्याची पाऊण रुंदी गेलेली आहे, परिघापर्यंत पोचलेली नाही. बाकीचे पाच आरे स्वच्छ.

ओंकारचा प्रश्न चांगला होता : आरे वाकडे कशाला? शोभेला?

नाही. ओतल्यावर चाकाचा परीघ आणि आरे एकाच वेळी थंड होत नाहीत. आधी थंड झालेला भाग ताठ होतो, नंतरचा आकसताना त्याला ओढतो. आरा सरळ असला तर त्या ओढीत तुटतो, कधी ओतशाळेतच, कधी वर्षानं आपोआप. वाकडा आरा थोडा लवतो. बीड ताणाला कच्चं आणि दाबाला पक्कं. त्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पातळ पापड्यांच्या रूपानं आत पसरलेला असतो. प्रत्येक पापडी म्हणजे एक बारकी भेगच. त्याच पापड्या घासणीला वंगण होतात आणि थरथर गिळतात, म्हणून लेथचा पाया बिडाचा. गेल्या शतकाच्या चाळिशीत मॅग्नेशियम घालून त्या पापड्यांच्या गोळ्या करायची युक्ती सापडली. ते लोखंड वाकतं, तुटत नाही. आमच्याकडचे हायड्रॉलिकचे बरेच भाग आता त्याचेच.

मग ही भेग का? बहुतेक पाती काढताना कुणीतरी घणानं मारलंय. हे मात्र मी नाही. (तात्यांना विचारलं. ते पण नाही म्हणाले.)

२६ एप्रिल, शनिवार. शहापूर

पॅटर्नवाल्या काकांकडं. वय ऐंशीच्या घरात, अजून रंधा चालवतात. भिंतीवर त्यांची 'खोटी' फूटपट्टी टांगलेली, आकसण्याचं माप आधीच धरून आखलेली. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठा. नवीन पोरं कंप्युटरवर टक्का टाकतात. काका म्हणतात, पट्टी विसरत नाही.

जुन्या सागाचा तुकडा घेऊन त्यांनी गियरचं माप घेतलं. मोडक्या दातांच्या जागी शेजारच्या दातांवरून आकार उतरवला. बोलता बोलता लक्ष्मणराव किर्लोस्करांवर गाडी गेली, बेळगावात असल्या गप्पा तिकडं जातातच. १८८८ साली त्यांनी याच गावात सायकलींचं दुकान काढलं, मग कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर. १९१० साली इथून उठून औंध संस्थानात, कुंडलच्या माळावर गेले. लोखंडानं जमीन नासते असं शेतकरी समजत, पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली म्हणतात. आमचं मशीन त्यांचं का, असं काकांना विचारलं. त्यांनी चौकटीच्या फोटोवर बोट फिरवून मान हलवली. कळत नाही. असो.

काकांनी पॅटर्नचे पैसे सांगितले आणि वर एक अट घातली : ओतकाम झालं की पॅटर्न फाउंड्रीत सोडायचा नाही, घरी आणून माळ्यावर ठेवायचा. "गियर परत मोडणार. तेव्हा मी असेन काय?"

३ मे, शनिवार

या आठवड्यात शिवजयंतीच्या चित्ररथांची गडबड, पोरं कामावर नाहीत. अण्णांनी तरी दुसऱ्या कामाच्या शेवटच्या भट्टीतलं उरलेलं बीड आमच्या साच्यात ओतलं. साच्याची वाळू म्हणजे वाळू, बेंटोनाइट (चिकट माती), पाणी, कोळशाची पूड. मुठीत दाबून मोडली की कड स्वच्छ तुटली पाहिजे. सोमवारी साचा फोडायचा.

१० मे, शनिवार

गियर उत्तम. एका दाताच्या कडेला वाळूचा खड्डा आहे, चालेल.

आज ओंकारशी वाद. तो म्हणतो बुश कशाला, बॉल बेअरिंग घाला. सील असलेलं, तेलाची कटकट नाही. मी कॅटलॉग काढून त्याला 'एल-टेन'चा अर्थ सांगितला. बेअरिंगचं आयुष्य म्हणून जो आकडा छापतात, तो सगळी बेअरिंगं तेवढी चालतील असं सांगत नाही. तेवढ्या फेऱ्यांपर्यंत शंभरातली दहा गेलेली असतील आणि नव्वद उरतील, एवढंच सांगतो. तुझं त्या दहातलं आहे की नव्वदातलं, हे कोणी सांगत नाही. आणि भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मं होत नाही, आठवा हिस्सा होतं, कारण भाराचा घन धरतात. कॉलेजमध्ये त्यानं हे सूत्र सोडवलं होतं म्हणे, मार्कही मिळाले होते.

पण त्याचं म्हणणं एका जागी बरोबर होतं आणि मला ते मान्य करायला वेळ लागला. तो म्हणाला, "काका, ६२०६ नंबरचं बेअरिंग खडेबाजारात मिळतं, खानापुरात मिळतं, जपानात पण मिळतं. तुमचा बुश तुमच्याशिवाय कोण करून देणार?" आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, जाडी १६, कुठल्याही कंपनीचं घ्या, माप तेच. व्हिटवर्थबद्दल मी त्याला जे ऐकवलं होतं तेच त्यानं मला ऐकवलं.

शेवटी बुशच ठेवायचं ठरलं, पण कारण तत्त्वाचं नाही. चौकटीतलं घर बुशच्या मापाचं ओतलेलं आहे. ६२ मिमी पोखरलं तर कडेला बीडच उरत नाही. शिवाय पिंजराची धूळ सीलच्या ओठाखाली जाते हे मी राईसमिलच्या कामात पाहिलंय. नवीन मशीन करायचं असतं तर मी ओंकारचं ऐकलं असतं.

याच बोलण्यात त्यानं विचारलं, जुना बुश कुणी केला असेल. मी त्याला तो हातात दिला आणि अक्षरांवर बोट ठेवलं. त्यानं वाचलं, माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "फिनिश मात्र चांगलं आहे."

११ मे

वीज नाही. काही झालं नाही.

१७ मे, शनिवार. शॉपमध्ये, सुट्टीनंतर

शाफ्ट : ईएन-८ पोलाद, ३२ मिमीचा बार, ३१.७५ ला तासला. दोन्ही पायऱ्यांच्या कोपऱ्यात दीड मिलिमीटरची गोलाई ठेवली. जुन्या शाफ्टला कोपरे काटकोनात होते, आणि चावीच्या खाचेच्या टोकापासून केसाएवढी भेग सुरू झालेली दिसली. अजून एक-दोन वर्षं चालला असता तर शाफ्ट तुटून चाक सुटलं असतं.

ओंकारला रेल्वेच्या आसांची गोष्ट सांगितली. मे १८४२ मध्ये व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासाहून जास्त माणसं गेली. आस काही जास्त वजनानं तुटला नव्हता. रोजच्याच वजनानं, लाखो फेऱ्यांनी तुटला होता. पुढं जर्मनीत ऑगस्ट व्योलरनं वर्षानुवर्षं आस फिरवत ठेवून मोजलं की किती ताणाला किती फेऱ्या. त्यातून कळलं की पोलादाला एक पायरी आहे. ताण तिच्याखाली ठेवला तर कितीही फिरवा, सहसा थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी पायरी नाही, ते कधी ना कधी थकतंच. आणि टोकदार कोपरा असला की नेमका तिथं ताण कैकपटीनं चढतो, सगळं गणित तिथं फसतं. दीड मिलिमीटरची गोलाई म्हणजे लेथवर दोन मिनिटांचं काम.

बुश : गनमेटल, दोन्ही बाजूंचे. शाफ्ट आणि बुशमध्ये सहा शतांश मिलिमीटर ढील. तेलाला जागा तेवढीच लागते. मधे तेलाची लांबट खाच. एकूण चार केले, दोन बसवायला, दोन ठेवायला.

१८ मे, रविवार

ओंकारला घेऊन किल्ल्यात कमल बस्तीत. तो बेळगावचा असून आत गेलेला नव्हता. रट्ट राजांचा मंत्री बीचिराजानं १२०४ साली बांधलेलं जैन मंदिर. छतातलं कमळ सगळे बघतात. मी त्याला खांब दाखवायला नेलं होतं. घड्यासारखे गोल, कडा एकसारख्या, एकावर एक चकत्या रचल्यासारखे. फिरवून तासलेले खांब. टर्नरचं काम. खांबांचा हा काळा दगड मऊ, नखानं नाही पण साध्या छिन्नीनं सहज उतरतो, म्हणूनच असं घोटीव काम निघालं. बाहेर तटाचा दगड दिसायला कितीतरी दणकट, आणि त्याची अवस्था बघा. अर्थात तटावर तोफाही चालल्या आणि पाऊसही पडतो, खांब छपराखाली आहेत, तेव्हा तुलना बरोबर नाही. ओंकारनं खांबावर हात फिरवून बघितलं, कुठं टूलमार्क सापडतो का म्हणून. सापडला नाही.

परत येताना वडापाव. कॅम्पात.

२४ मे, शनिवार. येळ्ळूर

चाकाची भेग. आज सगळ्यात अवघड दिवस.

थंड बिडावर साधी वेल्डिंग केली तर सांधा धरतो आणि शेजारी नवी भेग पडते. म्हणून पितळेची डाख. त्यात बीड वितळत नाही, पितळ वितळून भेगेत शिरतं. आदल्या दिवशी भेगेला दोन्ही बाजूंनी खाच काढली, ग्राइंडर न वापरता फाईलनं. ग्राइंडरनं ग्राफाइट पृष्ठभागावर सारवलं जातं आणि त्यावर पितळ चिकटत नाही. अंगणात विटांची चूल रचून लाकडी कोळशावर अख्खं चाक तापवलं, फक्त आरा नाही. एकट्या आऱ्याला तापवलं असतं तर परत तीच ओढाताण. टाकणखार टाकून डाख भरली. पितळ पाण्यासारखं धावलं तेव्हा तात्या मागून म्हणाले, "सोन्यागत दिसूलंय की."

मग चाक राखेत पुरलं. उद्या संध्याकाळपर्यंत कुणी उकरायचं नाही.

२५ मे

उकरलं. टांगून टिचकी मारली. अखंड बिडाएवढा स्वच्छ नाद नाही, पण खरखर गेली. खडू-रॉकेलला रेघ नाही. हाताच्या वेगाला पुरे. तरी परिघावर रंगानं मोठ्या अक्षरात लिहून टाकलं : मोटर लावू नये. माझ्यानंतर कुणालातरी हे दणकट दिसेल आणि पट्टा चढवावासा वाटेल.

३१ मे, शनिवार

पाती गावातल्या लोहाराकडं. जुनी फेकली, जुन्या पट्टीच्या स्प्रिंगची नवी करून घेतली. लाल करून पाणी दिलं, मग उतरवलं. हे उतरवणं मी ९७ साली गाळलं होतं. नुसतं पाणी दिलेली धार काचेसारखी असते, खडा आला की टवका उडतो. परत हलकी तापवली की कडकपणा थोडा जातो आणि चिवटपणा येतो. लोहार रंग बघत होता : गवती पिवळा, मग तपकिरी, तिथंच बुडवलं. निळ्यावर गेलं असतं तर धार मऊ. थर्मामीटर नाही, उजेड नको म्हणून दार अर्धं लोटलेलं.

७ जून, शनिवार

मृग उद्या. पाऊस आजच. पडवीत जोडणी.

बुश ठोकण्याआधी ओंकारनं बुशवर आणि घरावर खडूनं एक-एक रेघ मारली, दोन्ही रेघा जुळवत ठोकायचे म्हणून. मी काही बोललो नाही. बसल्यावर त्यानं तेलाच्या भोकातून सायकलची तार आत घातली. तार शाफ्टपर्यंत गेली. तरी त्यानं दुसऱ्या बाजूला परत घालून बघितली.

पात्याचं अंतर : वर्तमानपत्राचा कागद धरून चाक हळू फिरवायचं, कागद कापला पाहिजे, तोंडाला पातं घासलं नाही पाहिजे. चार वेळा स्क्रू हलवावे लागले. चाकाला अडकवायचा खुंटा आणि पात्यावरचं झाकण ही दोन नवीन कामं, मूळ मशीनला नव्हती. गावात या मशीननं बोटं गेलेले दोघेजण आहेत.

खर्च : पॅटर्न, ओतकाम, गनमेटल, बार, पाती, कोळसा मिळून ६,८५०. माझे शनिवार धरले नाहीत. तात्या म्हणाले, एवढ्यात नवीन हातमशीन जवळजवळ आलं असतं. खरं आहे.

चहाला बसलो तेव्हा त्यांना बुशचं सांगितलं. ते म्हणाले, "ठाऊक हाय की. तू बसवलास आणि म्हैन्याभरात आवाज सुरू झाला. आज्जा रोज सकाळी वाटी भरून तेल घालायचा. संध्याकाळी वाटी रिकामी, आवाज तसाच."

"मला का नाही सांगितलं?"

"तुझं नवीन काम लागलेलं पुण्याला. आज्जा म्हणाला, येऊ दे दिवाळीला, मग बघू. मग मोटरचं मशीन आलं."

११ जून, बुधवार. बेंदूर

रजा काढून आलो. बैल नाहीत आता, तरी काकूंनी मातीचे दोन पुजले आणि म्हशींना पण पोळी. तात्यांनी मशीनच्या चाकाला हळदकुंकू लावलं.

पिंजराची पहिली पेंढी ओंकारनं घातली, मी फिरवलं. तुकडे बोटाच्या पेराएवढे, एकसारखे. गियरच्या त्या खड्ड्याच्या दातावर दर फेरीला बारीक टक् होतं. राहू दे.

दोन जास्तीचे बुश तेलकट फडक्यात बांधून खुंटीला लावले, सोबत व्हिटवर्थचे चार नट. पॅटर्न माळ्यावर, खाली पेन्सिलनं माप लिहून. ओंकार म्हणाला बुशवर अक्षरं पंच करा. नको म्हटलं. त्यानं गपचूप तारीख तेवढी मारली.

मग तात्यांनी तेलाची बाटली आणली आणि वाटीत तेल ओतलं. ओतून झाल्यावर बाटली हातातच धरून ते खाली फरशीवरच्या काळ्या डागाकडं बघत थांबले. आम्हीही थांबलो. तेल खाली आलं नाही.